आठवं हाड

मनगटात आठ हाडं असतात.

आमच्या घरात जेवताना कोणी अर्धं उत्तर म्हटलं, की उरलेलं दुसऱ्याने म्हणायचं. जो आधी म्हणेल तो जिंकला.

फॉर्मॅलिनचा वास केसांत बसतो. दोनदा डोकं धुतलं तरी उशीला येतो.

बहिणीचा फोन वाजला, की मी आधी मिक्सर सुरू करते. मग उचलते.

खूप लिहिणाऱ्या माणसाच्या मधल्या बोटाला घट्टा पडतो.

*

हे माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे. कोणाच्या मावसदिराने कोणाला सांगितलेलं नाही.

मी तिथे उभी होते. शुद्धीत होते. आणि रात्र नव्हती, चांगली लख्ख दुपार होती. असलं काही सांगायला लागलं की लोक आधी रात्र विचारतात. मी दुपार म्हणते, आणि निम्मे तिथेच उठून जातात.

जाऊ देत.

मी एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बाबा औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे असतात. आयुष्यभर त्यांनी डॉक्टरांची अक्षरं लावली आणि डॉक्टरांची बोलणीही खाल्ली. त्यामुळे आमची मुंगी डॉक्टर होणार, हे ती पाळण्यात असतानाच ठरलं होतं. मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. पुस्तकाच्या ओळीवरून सतत तिचं बोट सरकत असायचं, म्हणून मुंगी.

त्या वर्षी प्रवेश जवळपास संपले होते. घरापासून चालत जाता येईल अशा डेंटल कॉलेजात तिला जागा मिळत होती. तिने मनाची तयारीही केली होती.

मग त्या लांबच्या मेडिकल कॉलेजातून फोन आला. एक जागा रिकामी झाली आहे, येऊन बघून जा, पण ऑफिस बंद व्हायच्या आत हो की नाही ते सांगा. नाहीतर पुढच्या मुलीला बोलावतो.

बसमध्ये बाबांनी हिशेब मांडला. फायदे उजव्या हाताच्या बोटांवर, तोटे डाव्या हाताच्या.

फायदा: पूर्ण डॉक्टर. डेंटलची म्हणजे तोंडापुरती डॉक्टर. हा विनोद ते आठवडाभर करत होते.

तोटा: लांब आहे. हा आईचा. आई आली नव्हती, डब्यासोबत तिने एवढंच पाठवलं होतं.

फायदा: प्रत्येकीला स्वतंत्र खोली.

तोटा: प्रत्येकीला स्वतंत्र खोली. हा माझा. मुंगी अजून माझ्या शेजारी झोपायची. बाबांनी तो धरला नाही.

मुंगीला कोणी विचारलं नाही.

*

कॉलेजला सुट्टी होती. ऑफिसात एकच कारकून होता, कपबशी विसळत.

आधीच्या मुलीने का सोडलं, असं मी विचारलं.

घरगुती कारण, म्हणाला. मग कोणी न विचारता पुढे बोलत राहिला. हुशार होती तशी. तोंडी परीक्षेत एका उत्तराला अडकली, एवढंच. सर जरा कडक आहेत. उत्तर येईपर्यंत तिला सगळ्यांसमोर उभं करून ठेवलं होतं. दिवस मावळला तरी आलं नाही. वर्गातल्या कोणी सांगायचं नाही, असा इथला नियम आहे.

"आणि मग?" मी विचारलं.

त्याने कप पालथा घातला. "मग काय. महिना झाला, जागा रिकामी आहे."

"शिस्त आहे म्हणजे," बाबा म्हणाले.

आणि उजव्या हाताचं एक बोट मिटलं.

*

वॉर्डनबाईंनी वसतिगृहाची खोली दाखवली. सकाळीच रिकामी करून घेतली होती. फरशी पुसलेली, अजून ओली. मजल्यावर एकही मुलगी नव्हती. सगळ्या दारांना कुलपं होती.

आणि तरी...

भिंतीपलीकडून कोणीतरी घोकत होतं.

"स्कॅफॉइड... लुनेट... ट्रायक्वेट्रल... पिसिफॉर्म... ट्रॅपेझियम... ट्रॅपेझॉइड... कॅपिटेट..."

थांबलं.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सातव्याशी थांबलं.

मनगटाची हाडं. माझं रोजचं काम. आठवं राहिलं होतं.

मी वॉर्डनबाईंकडे पाहिलं. त्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत होत्या. पलीकडच्या खोलीत कोण आहे, म्हणून विचारलं. पलीकडे खोली नाही, म्हणाल्या. तिथे इमारत संपते.

मी खिडकीतून वाकून बघितलं.

खरंच संपत होती.

बाबांनी मात्र मान डोलावली. ऐकलं होतं त्यांनी, नीट ऐकलं होतं.

"सुट्टीतसुद्धा अभ्यास करतात पोरी. याला म्हणतात वातावरण."

आणखी एक बोट. डावा हात एव्हाना खिशात गेला होता.

मुंगीचे ओठ हलताना मला दिसले. तिनेही जुन्या पुस्तकातून ही हाडं आधीच पाठ केली होती. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. ती गप्प बसली.

*

शेवटी शरीरशास्त्राचा हॉल.

हे त्या कॉलेजचं मोठं वैशिष्ट्य. दुसरीकडे एका देहाभोवती वीस-पंचवीस मुलं गर्दी करतात. इथे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र टेबल, स्वतंत्र देह. वर्षभर तोच. सुरुवात हातापासून करायची. चेहऱ्यावरची चादर अगदी शेवटी काढायची, तोवर नाही. तसा तिथला रिवाज.

हॉलच्या शिपायाने कुलूप काढलं आणि तो दाराबाहेरच थांबला. बाबा त्याच्याशी बोलत राहिले. स्वतंत्र देहाचं ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला बघवेना.

आम्ही दोघी आत गेलो.

सगळी टेबलं उघडी, धुतलेली. फक्त खिडकीजवळच्या एका टेबलावर चादर होती. चादरीखाली कोणीतरी. उजवा हात बाहेर.

रिकाम्या झालेल्या जागेचं टेबल ते. म्हणजे मुंगीचं.

मी कामावर किती हात बघितले असतील. देहदानात येतात ते हात म्हाताऱ्यांचे असतात... सुरकुतलेले, शिरा वर आलेले.

हा तसा नव्हता.

नखं कुरतडलेली होती.

मधल्या बोटाला घट्टा होता.

"ताई," मुंगी हळूच म्हणाली, "ही केवढीशी आहे गं?"

मी तिला ओढून बाहेर नेणार, एवढ्यात...

"स्कॅफॉइड... लुनेट..."

भिंतीपलीकडून नाही. या बाजूने.

हाताच्या अंतरावर कोणीतरी उभं असावं, तसा आवाज. रडून रडून बसलेला. एकेक हाड ओलांडत तो पुढे आला. सातव्यापाशी पोचला.

"कॅपिटेट..."

थांबला.

चादर हलली नाही. काहीच हललं नाही. पण हॉलभर कोणीतरी वाट बघत होतं. इतकी वाट मी आयुष्यात कोणाला बघताना पाहिलेली नाही.

मी मुंगीच्या तोंडावर हात ठेवायला वळले. उशीर झाला. इतकी वर्षं जेवायला बसलं की हेच केलं होतं आम्ही.

"हॅमेट," मुंगी म्हणाली.



मग एक सुस्कारा. लांबलचक. खूप वेळ उभं राहिलेल्या माणसाला कोणी बस म्हणावं, तसा.

मी टेबलाकडे पाहिलं. हात चादरीबाहेर नव्हता.

आत गेला होता.

*

दारातून बाबांनी विचारलं, काय म्हणत होतीस गं, परत म्हण बघू. शिपायासमोर पोरीची हुशारी दाखवायची होती त्यांना.

मुंगीने म्हणायला सुरुवात केली. ट्रॅपेझियम. ट्रॅपेझॉइड. कॅपिटेट.

थांबली.

कपाळाला आठी घातली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. पुन्हा थांबली.

"आत्ता म्हणालीस ना," बाबा म्हणाले.

"येत नाहीये," ती म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिलं.

मला येत होतं. ओठांवर होतं. त्या नजरेपुढे गप्प राहण्याइतकं निर्दयी मी कधी काही केलेलं नाही. पण तिच्या खांद्यामागे ती चादर होती. आणि चादरीखालची मान आता आमच्याकडे वळलेली होती.

मी गप्प बसले.

बाबा शिपायाकडे बघून ओशाळं हसले. परतताना मात्र तिला म्हणाले, "ऐनवेळी विसरतेस. तुला इथेच घालायला हवं. चार लोकांत उभं केलं की येईल बरोबर."

मी सगळं सांगितलं. हात, घट्टा, चादर. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, तुला स्वतःला मेडिकल नाही मिळालं, आता तिचं तरी होऊ दे.



ऑफिस बंद व्हायच्या आत त्यांनी हो सांगितलं.

*

मुंगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षात पहिली आली. बाबांनी दुकानात पेढे वाटले. घरी ती येत नाही. अभ्यास आहे म्हणते. वर्षअखेरीला चेहऱ्यावरची चादर काढली तेव्हा काय दिसलं, हे मी एकदा विचारलं होतं. ती हसली. ते हसू तिचं नव्हतं.

फोन मात्र करते. काय खाल्लं, कशी आहेस, असलं काही नाही. मी हॅलो म्हणायच्या आत सुरू होते.

"स्कॅफॉइड... लुनेट..."

सातव्याशी थांबते.

आणि तिच्यामागे, अगदी लगटून, आणखी कोणीतरी श्वास रोखून थांबलेलं असतं.

मिक्सरच्या आवाजात मी दात दाबून धरते. ती रडायला लागते. "ताई, सांग ना गं. एकच तर आहे." मी फोन ठेवते. माझी बहीण आहे ती. दर वेळी मी फोन ठेवते.

आईलाही मी बजावून ठेवलं आहे. आईला ते नाव येतच नाही, हे बरं.

बाबांना येत नव्हतं.

मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून हाडांचा तक्ता मागितला. मी दिला नाही. तर दुकानात आलेल्या कोणा डॉक्टरला विचारून आले. रोज आंघोळ करताना म्हणतात. आठही. पोरीला एक शब्द सांगायला काय होतं तुला, म्हणाले. कसली बहीण तू.

आज सकाळच्या बसने ते तिला भेटायला गेले आहेत. पोचलो की फोन करतो म्हणाले होते.

अजून आलेला नाही.

*

पहिल्यांदा आम्ही तिघं त्या कॉलेजच्या फाटकातून आत शिरत होतो, तेव्हा एक नवरा-बायको गादीची वळकटी आणि बादली घेऊन बाहेर पडत होते. बाबांनी ऑफिसचा रस्ता त्यांनाच विचारला होता, आणि त्या बाईने बादली खाली ठेवून तो नीट दाखवला होता.