अर्धा वाटा

सकाळी ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब नव्हती. देलकू म्हातारा तंबूबाहेर बसून घोड्याच्या खुरात अडकलेलं बर्फ काठीनं काढत होता. तो, मुलगा उर्गेन आणि मुलगी हुलेन, तिघं हरणाच्या शिकारीला निघाले होते. काम नेहमीचंच, जन्म त्यातच गेलेला. पण ह्या वेळी तंबूत सून इलगा ओली बाळंतीण होती आणि तिला दूध येत नव्हतं. खिंगान डोंगराच्या रानातली हरणं त्या हिवाळ्यात कुठं गेली कोण जाणे. चुलीवर नुसतं पाणी उकळायचं. बाळ आधी रडायचं, मग किरकिरायला लागलं, आता तेही थांबलं होतं.

"रिकाम्या हातानं येऊ नका," इलगा आतून म्हणाली.

"नाही येत, वहिनी. दादाचा नेम चुकलाच तर मी आहे ना," हुलेन म्हणाली.

एरवी उर्गेननं तिला सोडलं नसतं. आज तो हसलासुद्धा नाही.

रान सुरू होतं तिथं एक जुना पाइन होता. देलकूच्या आज्यानं कुऱ्हाडीनं त्याच्या बुंध्यावर चेहरा कोरला होता. डोळे, नाक, हसरं तोंड. ह्याचं नावच बायनाचा, डोंगराचा धनी. रानातलं जे जनावर, ते त्याचं. शिकारीला जाताना त्याच्यापुढं गुडघे टेकायचे, ओठांना चरबी लावायची आणि मुकाट मागायचं. किती हवं ते बोलायचं नाही, किती देऊ तेही बोलायचं नाही. परतताना त्याच्या ओठाला रक्त लावायचं, झालं.

चरबी कुठली असायला! देलकूनं कोरडं बोटच त्या ओठांवरून फिरवलं. "एवढ्या वेळी भागवून घे रे, धन्या," तो म्हणाला.

तोच मागून उर्गेन ओरडला, "बायनाचा! आज दे! जे देशील त्यातलं अर्धं तुझं!"

"गप रे! त्याच्याशी मोजून बोलतोस?"

"तुम्ही इतके दिवस मुकाट मागितलं, आबा. काय मिळालं? पोर चाललंय माझं."

वारा नव्हता. तरी पाइनच्या सगळ्या फांद्यांवरचं बर्फ एकाच वेळी खाली आलं, आणि मग असं शांत झालं की हुलेननं नकळत घोड्याची आयाळ घट्ट धरली.

पुढच्याच मोकळवणात हरीण उभं होतं. मोठा शिंगाळा नर. त्यानं त्यांना पाहिलं, आणि पळायचं सोडून छाती वळवून समोर उभा राहिला. जणू केव्हाचा वाट पाहत होता. उर्गेनचा बार झाला तसा तो गुडघे टेकून हळूच बसला.

कातडं काढताना बर्फ पडायला लागलं. सुरीचा आवाज तेवढा येत होता. रक्ताचा वास यायला हवा, तर येत होता पाइनच्या डिंकाचा. देलकूनं मान वर केली. समोर कातडी अंगरख्यातला एक म्हातारा उभा होता.

मारल्या जनावरापाशी कुणी आला तर त्याला वाटा द्यायचा, नाव विचारायचं नाही. उर्गेननं मागची तंगडी कापून पुढं केली. "घ्या, आजोबा."

"अर्धं..." म्हातारा म्हणाला. कडाक्याच्या थंडीत खोड करकरतं, तसा आवाज.

"घरी बाळंतीण आहे हो..."

"अर्धं..."

देलकूनं सुरी खाली ठेवली. "उर्गेन," तो हळू म्हणाला, "कुऱ्हाड घे. नाकापासून शेपटीपर्यंत... बरोबर मधोमध."

पाहुण्यानं अर्धं हरीण आणि ती तंगडी घोंगडीसारखी खांद्यावर टाकली. जाता जाता तो देलकूकडं बघून हसला. ते हसू देलकू लहानपणापासून पाहत आला होता. बुंध्यावर.

दिवस मावळताना ते तंबूपाशी आले, तर आतून रस्सा शिजल्याचा वास येत होता. इलगा बसली होती. बाळ तिच्या छातीशी होतं आणि घुटके घेतल्याचा आवाज येत होता. चुलीशेजारी अर्धं हरीण पडलं होतं.

"तुम्ही गेलात आणि मागं ह्याचा श्वास थांबला," इलगा सांगायला लागली. "गार पडला. मी त्याला भूर्जाच्या सालीत गुंडाळलं... आपल्यात गेलेलं पोर ठेवतात तसं झाडावर ठेवायला. तेवढ्यात एक आजोबा आले. मला रस्सा पाजला. साल उलगडून ह्याच्या तोंडावर फुंकर घातली, आणि हा रडला हो!"

"काही बोलले?" देलकूनं विचारलं.

"म्हणाले, हेही मीच दिलं... ह्यातलंही अर्धं."

उर्गेननं तंबूचं दार आतून घट्ट बांधून घेतलं.

पोर वाढलं, गुटगुटीत झालं. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी ते चालायला लागलं. हुलेननं भाच्याला कातड्याचे बूट शिवले. डाव्या बुटाच्या तळव्याची शिवण वाकडी गेली. "बघा, आत्याबाईंचा नेम!" म्हणून उर्गेननं तिला हसून घेतलं. कितीतरी दिवसांनी तो असा हसला.

पहिलं बर्फ पडलं तसं पोर खिदळत बाहेर पळालं. त्याच्या मागं उभी असलेली हुलेन एकाएकी खाली वाकली.

"आबा... खाली बघा ना..."

पोर दोन्ही पायांनी दुडदुडत होतं. मागं ठसे मात्र उजव्याच पायाचे उमटत होते. डावा पाय पडला तिथं बर्फ जसंच्या तसं.

चरबीचा गोळा घेऊन देलकू एकटाच रानाकडं निघाला. पाइनभोवती कोवळं बर्फ पसरलेलं होतं. माणसाची चाहूल नाही, पाखराचीही नाही. आणि बुंध्याभोवती गोल गोल फिरलेले इवले ठसे होते. सगळे डाव्या पायाचे. प्रत्येकात ती वाकडी शिवण.

म्हातारा गुडघ्यावर बसला आणि त्यानं एका ठशात हात ठेवला. आतलं बर्फ अजून कोमट होतं.