उजव्या बाजूचा अंधार

जिलबीचं ताट घेऊन हिमांशू पंगतीत वाढायला वाकला, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे वडील मधुसूदनराव त्याच्याकडं ढुंकूनही न बघता भरल्या पंगतीत म्हणाले, "अहो, लंगडा घोडा वरातीतसुद्धा कुणी उभा करत नाही, आणि तुम्ही त्याला फायनलला खेळवायला निघालात!"

पंगत खदखदून हसली. जिलबी धरलेला हिमांशूचा हात अधांतरी थबकला... पण दुसऱ्याच क्षणी त्यानं ती जिलबी समोरच्या पानात ठेवली आणि हसून म्हटलं, "आणखी एक घ्या ना, काका."

हर्सूल रस्त्यावरच्या त्या घरात आज सोहळा होता. धाकट्या सुयशची राज्याच्या हॉकी संघात निवड झाली होती, म्हणून मधुसूदनरावांनी दख्खन क्लबची सगळी मंडळी जेवायला बोलावली होती. एके काळी ते स्वतः क्लबचे नावाजलेले सेंटर फॉरवर्ड. आता संघनिवडीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांच्यानंतर ती जागा थोरल्या हिमांशूनं सांभाळली होती. छावणीच्या मैदानावर त्याच्या नावाच्या आरोळ्या घुमल्या होत्या, शाळकरी पोरं त्याच्यासारखी स्टिक धरायला शिकली होती... पण यंदाच्या हंगामात काय झालं होतं कुणास ठाऊक! सबंध हंगामात त्याच्या नावावर एकच गोल होता, तोही बचावपटूच्या नडगीला लागून गेलेला. अंतिम सामना पुढच्या रविवारवर येऊन ठेपला होता, आणि आमटी-भाताबरोबर पंगतीत आता त्याचीच किंमत ठरत होती.

"राव, नुसते गोल नका मोजू," संघाचे प्रशिक्षक निजामुद्दीनचाचा हातातला घास तसाच ठेवून म्हणाले. "हिमांशू मैदानात असला की समोरचे दोन बचावपटू त्याच्यामागं पळतात. म्हणून सुयशला जागा मिळते. याला बसवलं, तर तेच दोघं सुयशच्या उरावर बसतील. सीधी बात है!"

"ते दोघं जुन्या नावाला भिऊन पळतात हो," क्लबचे चिटणीस नानासाहेब बोटं चाटत म्हणाले. "मेलेल्या वाघाचं कातडं किती दिवस भिववणार?"

पुन्हा हशा!

"फॉरवर्ड म्हणजे गोल," मधुसूदनरावांनी निकाल दिला. "गोल न करणारा फॉरवर्ड म्हणजे काटे गळालेलं घड्याळ, भिंतीला नुसतं ओझं. आणि आता तर हा मधली जागा सोडून उजव्या कडेला जाऊन लपायलाय. सुयश, तूच सांग. तुझ्या जोडीला कोण पाहिजे?"

हिमांशू आता धाकट्या भावाच्याच पानापुढं उभा होता. सुयशनं मान वर केली नाही. बोटानं भात चिवडत तो म्हणाला, "दादा नको, बाबा... दादा घाबरायलाय. बॉल अंगावर आला की मान वळवतो, डोकं मागं घेतो. अशा माणसाच्या भरवशावर मी पास कसा द्यायचा?"

घाबरायलाय! हिमांशूच्या काळजात तो शब्द सुरीसारखा उतरला. जगातल्या कुणीही तो शब्द उच्चारला असता तरी त्यानं हसून पचवला असता... पण सुयशनं? सुयशनं उच्चारावा तो?

स्वयंपाकघरात आल्या आल्या त्याची बायको सावनी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"आता बास झालं! आज मी बोलणार. सगळ्यांसमोर सांगणार, का घाबरायलात ते."

"सावनी, तुला माझी शपथ आहे."

"कुणासाठी घालता शपथ? तुमच्या ताटातला घास काढून तुम्हालाच दात दाखवणाऱ्या भावासाठी?"

तेवढ्यात हिमांशूची आई, दमयंतीबाई, तुपाचं भांडं न्यायला आत आल्या. सुनेकडं त्यांनी पाहिलंच नाही. लेकाच्या खांद्यावर हात ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हिमांशू, तूच सांगून टाक ना यांना, गुडघा दुखायलाय म्हणून. त्यांनी काढण्यापेक्षा तू आपणहून बाजूला झालास तर घराची शोभा होणार नाही. तुझं काय रे, वाळूजला नोकरी आहे, बायको आहे. त्या लेकराचं सगळं अजून व्हायचंय."

"बरं, आई," एवढंच तो म्हणाला.

भांडं घेऊन आई निघून गेली, आणि ओट्याला पाठ टेकून हिमांशूनं डोळे मिटले. मिटायला तरी दोन डोळे कुठं उरले होते! उजव्या डोळ्यात, तो उघडा असतानाही, आता अंधारच होता.

गेल्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ. सरावात चूक झाली म्हणून बाबांनी सुयशला सगळ्यांसमोर झोडपून काढलं होतं, आणि सगळे निघून गेल्यावर तो पोरगा रागानं धुमसत जोरजोरात बॉल मारत सुटला होता. हिमांशू खाली वाकून विखुरलेले बॉल गोळा करत होता. कशासाठी तरी त्यानं मान वर केली... आणि उजव्या डोळ्यावर जणू वीज कोसळली! शुद्धीवर आला तेव्हा सुयश त्याचे पाय धरून रडत होता. "दादा, बाबांना सांगू नकोस रे! आठ दिवसांवर राज्याच्या संभाव्य संघाची चाचणी आहे. ते मला घराबाहेर काढतील, क्लबाबाहेर काढतील... दादा, पाया पडतो तुझ्या!"

"काही झालं नाही रे वेड्या. नुसती सूज आहे," हिमांशू म्हणाला. घरी सांगितलं, दौलताबादच्या रस्त्यावर गाडी घसरली.

समर्थनगरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र तपासून लगेच सांगितलं होतं, पडदा फाटलाय, उद्याच्या उद्या ऑपरेशन करा. ऑपरेशन म्हटलं की घरात प्रश्न येणार, प्रश्नांमागून खरं बाहेर येणार, आणि सुयश चाचणीआधीच मोडून पडणार... हिमांशूनं चाचणी होईपर्यंत ऑपरेशन पुढं ढकललं. सुयश संभाव्य संघात निवडला गेला. त्याचे पेढे घरोघर वाटले गेले त्याच दिवशी हिमांशू पुन्हा डॉक्टरांकडं गेला, आणि डॉक्टरांनी फक्त मान हलवली. फार उशीर झाला होता!

हे एकट्या सावनीला ठाऊक होतं. डोळा बाहेरून जसाच्या तसा दिसत होता, त्यामुळं घरात कुणाला काही कळलं नाही. आणि सुयशनं तर ती संध्याकाळ मनातून पुसूनच टाकली होती. दादा म्हणाला ना, काही झालं नाही... मग झालं नसेल! सोयीचं खोटं माणूस किती सहज गिळतो! खेळ सोडावा असं हिमांशूला अनेकदा वाटलं होतं. पण सोडला तर का सोडला ते सांगावं लागणार होतं. आणि खरं सांगायचं तर मैदान सोडवतही नव्हतं. चाचांना विनंती करून तो उजव्या कडेला खेळू लागला, म्हणजे बॉल डावीकडून यायचा आणि उरलेल्या डोळ्याला दिसायचा. चाचांनी कारण विचारलं नव्हतं.

रविवारी अंतिम सामना सुरू झाला तेव्हा हिमांशू राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. आणि चाचा म्हणाले होते अगदी तसंच घडलं! समोरच्या संघाचे दोन दांडगे बचावपटू सुयशला असे चिकटले, की त्याला मान वळवायलाही जागा मिळेना. मध्यंतराला दख्खन क्लब दोन गोलांनी मागं होता. मधुसूदनरावांचा चेहरा काळवंडला होता. चाचा त्यांना विचारायलाही गेले नाहीत. बाकाजवळ येऊन म्हणाले, "ऊठ बेटा. उतर."

हिमांशू उतरला, आणि जादू व्हावी तसा खेळ पालटला. तो उजव्या कडेनं धावला की दोघांतला एक त्याच्यामागं ओढला जाई, तो आत घुसला की दुसराही येई, आणि मागं मोकळ्या राहिलेल्या जागेत सुयश वाऱ्यासारखा शिरे. अशाच एका धावेत हिमांशूनं अंगावर दोघांना घेतलं, खांद्याला धक्का लागून तो कोसळला, पण कोसळता कोसळता त्यानं बॉल सरकवला होता... आणि सुयशनं गोल केला! मैदान दणाणलं. सुयश प्रेक्षकांकडं हात उंचावत धावत गेला. टर्फवर पडलेल्या भावाला उठवायला मात्र कुणीच आलं नाही. हिमांशू आपला आपण उठला.

शेवटचं मिनिट. सुयश बॉल घेऊन थेट उजव्या कोपऱ्यापर्यंत गेला. हिमांशू गोलसमोर मोकळा उभा होता. गोलकीपर पडलेला, समोर सगळं जाळं उघडं! लहान पोरानंही डोळे झाकून मारावा असा पास सुयशनं उजवीकडून दिला...

हिमांशूला तो दिसलाच नाही.

त्यानं मान वळवेपर्यंत बॉल त्याच्या स्टिकजवळून, अगदी वीतभर अंतरावरून, निघून गेला. शिट्टी वाजली. सामना गेला.

मैदानातून शिव्यांचा लोंढा उसळला. सुयशनं स्टिक जमिनीवर आपटली. आणि मधुसूदनराव... कठडा ओलांडून ते तरातरा आत आले, लेकाच्या शर्टाची कॉलर धरून सगळ्या गावासमोर त्याला गदागदा हलवत ओरडले, "आंधळा झालास का रे? डोळे फुटले का तुझे?"

हिमांशूची मान खाली गेली.

"होय, बाबा! फुटलाय त्यांचा डोळा!"

सावनी धावत मैदानात आली होती. पदर सुटला होता, पण आज तिला कुणाची शपथ अडवू शकत नव्हती. "उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही त्यांना! गेल्या उन्हाळ्यापासून दिसत नाही! कुणाच्या बॉलनं फुटला ते विचारा तुमच्या लाडक्याला... त्याच्या चाचणीसाठी ऑपरेशन लांबवलं यांनी, बाबा! त्याच्यासाठी डोळा घालवला! आणि तो भर पंगतीत म्हणतो, दादा घाबरायलाय!"

मधुसूदनरावांच्या बोटांतून कॉलर सुटली. एका क्षणात त्यांचं सगळं अंग म्हातारं झालं. सुयश मात्र जागच्या जागी उभाच होता, पांढराफटक...

"दादा," त्याच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला, "तू तर म्हणाला होतास... नुसती सूज आहे."

"म्हणालो होतो," हिमांशू म्हणाला. "आणि तू पुन्हा कधी विचारलं नाहीस."

त्यानं जमिनीवरची आपली स्टिक उचलली आणि सावनीचा हात धरून तो मैदानाबाहेर चालू लागला.

राज्य संघाच्या शिबिरासाठी सुयशला पुण्याला जायचं होतं त्या सकाळी तो बॅग न भरताच दादाच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसला. मधल्या दिवसांत त्याच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं. "मी जात नाही, दादा," तो हुंदके देत म्हणाला. "मला ते खेळणं नको. मी तुझा डोळा... दादा, मला मार रे! शिव्या दे! पण असा गप्प नको राहूस!"

हिमांशूनं त्याच्याकडं पाहिलं. याच पोराला त्यानं बोट धरून मैदानावर नेलं होतं. माया मरत नाही, हेच तर माणसाचं दुर्दैव!

"ऐक," तो म्हणाला. "मी तुला अजून माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही ठाऊक नाही. पण तू गेला नाहीस, तर माझा डोळा फुकट गेला असं होईल, आणि ते मात्र मी तुला कधीच माफ करणार नाही. ऊठ. बॅग भर."

सुयशनं त्याच्या पावलांवर डोकं ठेवलं. हिमांशूनं त्याला उठवलं नाही, पण पायही मागं घेतले नाहीत. दाराआड उभ्या राहिलेल्या आईनं तोंडात पदर कोंबला.

सुयश गेल्यावर हिमांशू अंगणातल्या पायरीवर चहा घेऊन बसला होता. मधुसूदनराव केव्हा बाहेर आले, केव्हा त्याच्या उजव्या बाजूला टेकले, त्याला कळलंच नाही. ते मनाशीच काहीतरी पुटपुटत होते... किती तरी दिवसांनी जुळवलेले शब्द असावेत ते. हिमांशूनं कप ठेवायला हात बाजूला नेला, तो कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि तो दचकून म्हणाला, "कोण?"

त्या एका शब्दानं म्हाताऱ्याचा चेहरा पिळवटून निघाला. आपल्या पोटच्या पोराच्या इतकं जवळ बसूनही आपण त्याला दिसलो नाही! पायरीचा आधार घेत मधुसूदनराव उठले, त्याच्यासमोरून हळूहळू वळसा घालून डाव्या बाजूला आले, आणि तिथं खाली, त्याच्या पायांपाशी जमिनीवर बसले.

"मी आहे रे," ते म्हणाले. "आता... आता दिसतो का मी?"

"दिसता, बाबा."

मैदानं गाजवलेले मधुसूदनराव दोन्ही तळव्यांत तोंड लपवून लहान मुलासारखे रडू लागले. ‘असू द्या, बाबा’ हे शब्द हिमांशूच्या ओठांपर्यंत आले... पण त्यानं ते उच्चारले नाहीत. रडू दिलं त्यांना. अगदी पोटभर रडू दिलं. पुष्कळ वेळानं त्याचा हात उचलला गेला, हवेत घुटमळला, आणि वडिलांच्या थरथरत्या पाठीवर जाऊन विसावला.