बारा चाळीसच्या दोन रिंगा

कंपनीने मला मेलचा फोन दिला तो दोन हजार दहा सालच्या मार्चात. ठिबक सिंचनाच्या कंपनीत होतो मी, शहादा तालुका माझ्याकडे. त्या फोनला डाळिंबाच्या दाण्यांएवढी बारीक बटणं होती आणि शेताच्या बांधावर बसून साहेबांना मेल करता यायचा. आज तुम्ही हसाल, पण म्हसावदच्या बाजारात मी तो खिशातून काढला की चार माणसं मान वाकडी करून बघायची. डोक्यात हवा गेली होती म्हणा ना माझ्या.

आमचं गाव फाट्यावरून आत तीन किलोमीटर. एसटी फाट्यावरच सोडते. म्हणून घरात ठरलेलं होतं: एक रिंग देऊन कट केलं की पोहोचलो, दोन रिंगा दिल्या की घ्यायला ये. बोलायचं काही नाही. माझे वडील, गिरधर मास्तर, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ते या बाबतीत फार काटेकोर. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. जेवायलाही खुर्ची लागायची. मोटरसायकलवर ते बायांसारखे एका बाजूला पाय सोडून बसत, आणि गाडी वाटभर डावीकडे ओढायची. गाव चेष्टा करायचं. मीही करायचो.

मेच्या त्या दुपारी मी घरीच होतो. गच्चीवर हात उंच करून रेंज शोधत होतो, कारण अहवाल साहेबांना एकच्या आत हवा होता. पडद्यावरचा छोटा बाण गोल गोल फिरत होता. बारा चाळीसला दोन रिंगा आल्या. नाव दिसलं, आप्पा. मी म्हटलं, हा मेल गेला की निघतो. जागा सोडली असती तर रेंज गेली असती.

मेल एक वीसला गेला. तोवर आप्पा फाट्यावर ऊन लागून कोसळले होते. तिथे उसाचा रस विकणाऱ्या कमलीबाईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला. मी पोहोचलो तेव्हा तिने फक्त मान हलवली. साहेबांनी तो मेल आठवडाभर उघडलाही नव्हता, हे मला नंतर कळलं. त्या दोन रिंगा मी कोणालाच सांगितल्या नाहीत. आई मात्र तेव्हा जिन्याखाली भांडी घासत होती. तिने ऐकल्या होत्या.

प्रकाशा गावच्या घाटावर तापीत अस्थी सोडल्या, तेव्हा आप्पांच्या फोनमधलं सिमही मी गुपचूप पाण्यात टाकलं. मला ते नाव पुन्हा पडद्यावर बघायचं नव्हतं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला दोन रिंगा आल्या. पडद्यावर आप्पा.

मी उलट फोन लावला, तर हा नंबर अस्तित्वात नाही म्हणाली फोनमधली बाई. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी साडेबारालाच फोन बंद करून धान्याच्या कोठीत टाकला आणि झाकण लावलं. कोठीतून दोन रिंगा आल्या… बारीक, दबलेल्या, ज्वारीच्या खालून आल्यासारख्या.

आई दारात उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"तुन्हा बाप फाटावर उभा शे," ती म्हणाली. "आता तरी जाय. लई ये त्याले."

मी त्यांना घेऊन यायला निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ झालं होतं, टायरखाली चरचरत होतं. फाट्यावर उसाच्या आंबलेल्या चिपाडांचा गोडसर वास कोंडला होता. कमलीबाई गाड्याच्या सावलीत पेंगत होती. दुसरं कोणी नव्हतं. मी गाडी वळवून उभी केली, आणि लाज सोडून हळूच म्हटलं, "आप्पा… चला. उशीर झाला माझा."

मागची सीट दबली.

दोन्ही बाजूंनी दोन गुडघे माझ्या कमरेला येऊन टेकले. पाठीला झळ लागली. मला रडू फुटलं, खरं सांगतो. भीतीपेक्षा सुटल्यासारखं वाटलं. गाडी सुरू केली तशी कमलीबाई जागी झाली आणि माझ्या मागे बघत तिने विचारलं, "भाऊ, पाव्हना कोन शे?"

मी गाडी पुढे काढली. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. तीन किलोमीटर गाडी नाकासमोर सरळ चालली.

दारात आई गूळ आणि पाण्याचे दोन गडवे घेऊन थांबली होती. मागच्या सीटवरचं ओझं उतरलं. कोठीतला फोन एकदाच वाजून थांबला. पोहोचलो. आई पंधरा-सोळा दिवसांत पहिल्यांदा हसली. एक गडवा मला दिला, दुसरा तिने मधल्या खोलीत ठेवला. थोड्या वेळाने तो रिकामा होता, आणि खोलीत चिपाडांचा वास होता. त्या रात्री मी गाढ झोपलो. माझ्याकडून फेड झाली असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर मेल बघत बसलो होतो. आई आत भाकरी थापत होती. हातातला फोन वाजला. एक रिंग. दुसरी रिंग. बंद.

आप्पा. बारा चाळीस.

मी कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिलो. मग कालची गाडी आठवली. ती डावीकडे ओढली नव्हती. दोन गुडघे आठवले, दोन्ही वाकलेले. आणि कमलीबाई… वीस वर्षं ओळखत होती ती आप्पांना. मरताना त्यांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

आप्पा अजून उन्हातच उभे होते.

उठून चपला घालायच्या, एवढंच करायचं होतं. पण आईला आत एकटं टाकून जाववेना. मी मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आई पाटावर ताट मांडत होती. तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर कधी नव्हे इतकं समाधान होतं.

"आज जेवाले मांगी ऱ्हायना," ती हळूच म्हणाली. "आनि गुडघा बरा झाया रे त्याना. देख ना… कशी मांडी घाली बठेल शे."