लार्क थिएटरची पितळी घंटा

“मी चोर नाही. आणि ते सिद्ध करायला मी कुणापुढे हात वर करणार नाही. आता सांग पोरी, काम घेतेस का?”

नोरीनबाई क्रॉली खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. सत्तरी उलटलेल्या या बाईंनी एके काळी आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचं लार्क थिएटर गाजवलं होतं. ते बंद पडलं, पण बाई काही घरी बसल्या नाहीत. शनिवार-रविवारी त्या लोकांना शहरातून पायी फिरवत. कुठल्या माडीवर कुठला कवी राहिला, कुठल्या गुत्त्यातून कुठल्या नाटककाराला उचलून घरी न्यावं लागलं, सगळं तोंडपाठ. फेरी संपायची ती लार्कच्या रंगमंचावर.

डर्व्ला टूमीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. शँडनच्या चढावर, चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर तिची कचेरी होती. ‘खाजगी तपास’ या पाटीचा निम्मा रंग पावसाने नेला होता. कोपऱ्यात तिचा शेजारी, निवृत्त पोस्टमन मॉस लिनिहन, लोणी थापलेला ब्रेड खात होता. मॉस मनाने सोन्यासारखा. डोकं मात्र सावकाश चालायचं.

“हा होता काल तिथे,” नोरीनबाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. “याच दिवट्याने रंगमंचावर शीळ घातली.”

“सवय हो, बाई. जन्मभर शीळ घालतच पत्रं वाटली.”

“ती रस्त्यावर घाल! जुन्या काळी पडद्यांचे दोर ओढायला जहाजावरची माणसं असत आणि शीळ ही त्यांची खूण. शीळ ऐकली की वरचा माणूस हातातला दोर सोडायचा, मग खाली कुणाचं का टाळकं असेना. आजही नाटकवाल्याच्या पोटात गोळा येतो. तुला काय त्याचं!”

“बाई, सगळं पहिल्यापासून सांगा,” डर्व्ला म्हणाली.

नोरीनबाईंनी सांगितलं. इंग्रजांच्या संचारबंदीच्या दिवसांत सैनिक लार्कच्या दारात आले होते. खेळ बंद करा म्हणाले. तेव्हा प्रॉम्प्टरने त्यांच्या नाकावर टिच्चून घंटा वाजवली आणि पडदा वर गेला. ती पितळी घंटा अजून विंगेतल्या हुकाला टांगलेली असे. काल फेरीला तिघेच होते: मॉस, बसमधून शहर दाखवणारा टायग लूसी आणि लिमरिकहून आलेला मल्क्वीन नावाचा एक पाहुणा. बाईंनी घंटा वाजवून दाखवली, मग भिंतीवरच्या नटांच्या सह्या दाखवायला सगळ्यांना रंगपटात नेलं. परत रंगमंचावर आले, मॉसने शीळ घातली, बाई त्याच्यावर कडाडल्या. आणि विंगेकडे बघतात तर हुक रिकामा!

“मी तोंड उघडायच्या आत थिएटरचा मालक फर्गल डिनीन पोलिसाला घेऊन आत. दार लावलं, झडत्या घेतल्या. तिघांनी मुकाट्याने दिल्या. कुणाकडे काही नाही. मी दिली नाही.”

“द्यायची ना, बाई. सुटला असतात,” मॉस म्हणाला.

“ज्या जागी तो प्रॉम्प्टर बंदुकांपुढे उभा राहिला, त्या जागी मी हात वर करू? डिनीनपुढे?” बाईंची मान ताठच होती. “उद्या नगरपालिकेची समिती येतेय. लार्क जतन करायचं की हॉटेलवाल्याला विकू द्यायचं ते ठरवणार. लार्कच्या बाजूने बोलणारी मी एकटी. आणि आता मी चोर! माझं कोण ऐकणार?”

डर्व्लाने कोट चढवला आणि मॉसला बरोबर घेतलं.

फर्गल डिनीनने लार्कचं दार उघडलं ते उपकार केल्यासारखं. बूट लखलखीत, हसू त्याहून.

“बघा काय बघायचं ते. पण इकडेतिकडे फिरायचं नाही. लाकडं कुजलीत, कुणी पडलं तर माझ्या गळ्यात.”

“काल पोलिसांनी इमारत धुंडाळली?”

“कशाला? मीच नको म्हटलं. घंटा त्या बाईच्या कोटात होती हे शेंबड्या पोरालाही कळेल.”

“तुम्ही बऱ्याच वर्षांत इथे फिरकला नव्हता म्हणे. नेमके कालच आलात?”

“माझी इमारत, माझी मर्जी.”

तेवढ्यात विंगेतून शिंकांचा भडिमार ऐकू आला. तिथल्या आडव्या कठड्याच्या खुंट्यांना पडद्यांचे दोर गुंडाळलेले होते आणि वर अंधारात कप्प्यांकडे गेले होते. मॉस कठड्याला टेकला होता, त्यामुळे कोपरापर्यंत काळा झाला होता.

“केवढी ही धूळ, देवा! बरं, हा एक दोर तरी स्वच्छ दिसतोय,” म्हणत त्याने त्या दोराला हात पुसले.

डिनीन खेकसला. डर्व्लाने मात्र त्या दोराकडे जरा पाहिलं आणि निघू या म्हणाली.

टायग लूसी नदीकाठी आपल्या बसच्या काचा पुसत होता.

“हो, चोरायलाच गेलो होतो,” तो बेधडक म्हणाला. “गोष्टी चोरायला! म्हातारीच्या गोष्टी ऐकल्या की माझ्या बसमधली माणसं झोपत नाहीत. घंटा घेऊन काय करू? ती तर गाडीला आधीच आहे.”

“रंगपटात सगळे एकत्र होतात?”

“मी बाईंना चिकटून होतो. हा मॉस सह्या वाचत होता, ओठ हलवत. लिमरिकवाला मागून आला. बुटाची नाडी सुटली म्हणाला.”

“आणि मॉसने शीळ घातली तेव्हा?”

लूसी हसला. “आम्ही वळून याच्याकडे बघितलं, कोण हा गाढव म्हणून. आणि तो लिमरिकवाला टुणकन मागे उडून माझ्याच पायावर! डोळे वर, आढ्याकडे. भाविक असावा. मग बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला.”

“माझी शीळ ऐकून माणसाला देव आठवतो,” मॉस म्हणाला. त्याला ते कौतुकच वाटलं.

मल्क्वीन उतरला होता त्या खाणावळीत सॉसेज आणि अंडी खात बसला होता. पोलिसांनी त्याला उद्यापर्यंत शहर सोडू नको म्हणून बजावलं होतं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, हातांना घट्टे.

“मी गुरांचं खाद्य विकतो. नाटकबिटक आपल्याला कळत नाही. जन्मात थिएटरची पायरी चढलो नव्हतो. काल पाऊस होता, म्हणून त्यांच्यात घुसलो.”

“हात चांगलेच राबलेत.”

“पोती उचलून उचलून.”

“बरोबर,” मॉस म्हणाला. “माझ्या मामाचे असेच होते.”

डर्व्ला उठली. “आज दुपारी फेरीच्या आधी लार्कमध्ये या. नोरीनबाई सगळ्यांसमोर झडती देणार आहेत.”

बाहेर पडल्यावर मॉसने तिची बाही धरली. “अगं, त्या देणार? मरतील पण देणार नाहीत!”

“नाहीच देणार. पण डिनीन ते बघायला धावत येईल.”

आणि तो आलाच. कालच्या पोलिसालाही घेऊन आला. बाहेर रविवारच्या फेरीची माणसं छत्र्या घेऊन ताटकळली होती. आत रंगमंचावर लूसी, मल्क्वीन, डिनीन आणि छातीवर हात बांधून नोरीनबाई.

“चला बाई, कोट काढा,” डिनीन म्हणाला.

“थांबा,” डर्व्ला पुढे झाली. “काल तिघांकडे काही सापडलं नाही, म्हणून चौथ्या माणसावर आळ आला. पण घंटा कुणी बाहेर नेलीच नसेल तर? मॉस, शीळ घाल.”

“इथे? बाई मला जिवंत सोडतील?”

“घाल.”

मॉसने डोळे मिटून शीळ घातली. नोरीनबाईंचं अंग आक्रसलं. लूसीने मॉसकडे पाहिलं, डिनीनने आणि पोलिसानेही. मल्क्वीन मात्र झटक्यात एक ढांग मागे सरला, आणि त्याची नजर सरळ वर गेली.

मल्क्वीनने मान खाली घातली. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं.

“शीळ ऐकली की साधा माणूस शीळ घालणाऱ्याकडे बघतो,” डर्व्ला म्हणाली. “वर कोण बघतो? ज्याने दोरांखाली आयुष्य काढलंय तो. काल तुम्ही वर पाहिलंत तेव्हा बाईंनी शिळेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग जन्मात थिएटर न बघितलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं? तुमच्या हातांचे घट्टे पोत्यांचे नाहीत, दोरांचे आहेत.”

ती विंगेकडे वळली. “इथल्या सगळ्या दोरांवर कित्येक वर्षांची धूळ आहे. एकच स्वच्छ. त्यावरून कुणाचे तरी हात फिरलेत. आमच्या मॉसने त्याला हात पुसले, पण तो आधीच स्वच्छ होता. नाडी बांधायला मागे राहिलेल्या माणसाला दोराला एखादी वस्तू बांधून वर खेचायला किती वेळ लागणार?”

तिने खुंटीवरचा फेर सोडला. वर कप्पी कुरकुरली. अंधारातून पितळी घंटा डुलत खाली आली, लोलक रुमालाने घट्ट बांधलेला.

“माझा काय संबंध?” डिनीन ओरडला. “या माणसाला मी ओळखत नाही!”

“मग काल बाईंना चोरी कळायच्या आत तुम्ही पोलिसाला घेऊन दारात कसे? चोरी होणार हे चोराखेरीज कुणाला माहीत असतं? आणि इमारत धुंडाळायला तुम्हीच मनाई केलीत. सगळ्यात हुशारीची गोष्ट निराळीच. ही बाई कुणापुढे झडती देणार नाही, हे अख्खं कॉर्क जाणतं. तिचा ताठ कणाच तुम्ही तिच्याविरुद्ध वापरलात.”

“त्यांनीच पाठवलं मला,” मल्क्वीन हलकेच म्हणाला. “मी लिमरिकचा नाही, डब्लिनचा. माझं थिएटर पाडलं, तेव्हापासून हाताला काम नाही. हॉटेल झालं की दारावर नोकरी देतो म्हणाले.”

“डब्लिनचा!” मॉसच्या तोंडून निघालं. कॉर्कच्या त्या माणसाला डब्लिनवाल्यांचं वावडं; चोरीपेक्षा त्याला तेच जास्त लागलं.

नोरीनबाई मल्क्वीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “तुझं थिएटर पाडलं तेव्हा तू रडला असशील.”

“हो बाई.”

“आणि तरी माझं पाडायला आलास. लाज वाटू दे, मेल्या.” त्याने चेहरा ओंजळीत झाकला.

डिनीनने मात्र स्वतःला सावरलं होतं. तो बाईंच्या जवळ आला, आवाज मऊ केला. “नोरीनबाई, शहाण्यासारखं वागू या. हे इथेच राहू द्या. हॉटेलच्या दिवाणखान्यात तुमचा मोठा फोटो लावतो, फेरीला कायमची जागा देतो. उद्या समितीपुढे तुम्ही फक्त गप्प बसायचं.”

“झालं बोलून?”

“विचार करा.”

“विचार कसला करायचा? बंदुका घेऊन आले होते, तेव्हाही इथलं माणूस गप्प बसलं नाही. तुझ्या हातात तर नुसती फोटोची चौकट आहे.”

त्यांनी घंटेच्या लोलकाचा रुमाल सोडला, तो पोलिसाच्या हातात दिला आणि तरातरा जाऊन थिएटरचं पुढचं दार सताड उघडलं. भिजलेली माणसं छत्र्या मिटत आत आली. डिनीन घाईने दाराकडे निघाला, पण दारातून माणसं येतच होती. त्याला मागे सरत रंगमंचाशी यावं लागलं.

“या, या, पुढे या!” नोरीनबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. “रोजची फेरी इथे संपते. आज इथून सुरू होतेय, कारण एक गोष्ट नवीन आहे आणि ती उद्या मी समितीलाही सांगणार आहे. हे श्रीयुत फर्गल डिनीन. हे थिएटर विकता यावं म्हणून यांनी काल काय केलं ते ऐका. डिनीनसाहेब, असे कोपऱ्यात नका उभे राहू. जरा उजेडात या, मागच्या लोकांना दिसत नाहीये.”