नवा अंगठा

नंदू, उद्यापासून तू कचेरीत उमेदवार कारकून म्हणून बसणार, म्हणून आज सांगतोय. बाकीच्यांनीही ऐका. दुर्गा, कंदिलाची वात जरा वर कर. हसू नका रे. ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसलेल्या माणसाची आहे.

मानसिंगराव त्याचं नाव. कचेरी कुठली ते विचारू नका. सोलापुरातली, सरकारी, एवढं पुरे. माणूस लाचखाऊ नव्हता, उगाच कशाला मेलेल्याला बोल लावू? पण नियमाचा किडा. आणि समोरच्याला हेलपाटे घालायला लावण्यात त्याला गोडी वाटायची. 'उद्या ये' हे त्याचं पालुपद. त्याच्या कागदांवर दस्तुर घालायचं काम माझं. म्हणजे कसं, अडाणी माणूस कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवतो आणि लिहिता येणारा शेजारी लिहितो, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा, अमक्याचा. दस्तुर गुरुलिंग.' हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, असा त्याचा अर्थ. माझं अक्षर वळणदार, म्हणून ते माझ्या गळ्यात.

सन बत्तीसचा मार्च. एका गिरणीच्या फाटकाशी दंगल झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि दिसेल त्याला उचललं. त्यात बाळू सापडला. एकोणीस वर्षांचा पोरगा, बापाबरोबर होटगी रस्त्याच्या खाणीत दगड फोडायचा. त्या दिवशी घणाला नवा दांडा घ्यायला म्हणून गावात आला होता. डोकं फुटलं, दोन बरगड्या मोडल्या, आणि तसाच तुरुंगात. त्याचा बाप मायाप्पा आमच्याकडे आला. हुकूम झालेला होता. बापानं जामिनाच्या कागदावर अंगठा द्यावा आणि पोराला घेऊन जावं. पाच मिनिटांचं काम.

मायाप्पानं अंगठ्याला शाई लावली, कागदावर टेकवला. उठला तो नुसता काळा डाग. चाळीस वर्षं दगड फोडून रेघा कधीच झिजून गेल्या होत्या.

"रेघा कुटं हायत?" मानसिंगराव म्हणाला. "साहेब कागद माझ्या तोंडावर फेकतील. हात घासून धू. उद्या ये."

"उजव्या हाताचा घ्या की, रावसाहेब."

"नियमात डावा हाय."

दुसऱ्या दिवशी तो राखेनं हात घासून आला. डाग. तिसऱ्या दिवशी रात्रभर तेलात बुडवून आला. डाग. मग कुणीतरी सांगितलं, घण धरू नकोस, कातडी नवी येईल. आठ दिवस त्यानं घणाला हात लावला नाही. घरात चूल पेटली नसेल, पण रोज अकराच्या ठोक्याला हा आमच्या ओट्यावर.

"रावसाहेब, पोराला ताप चढलाय. लई तळमळतंय. शिपाई म्हनला, रक्त थुकतंय."

"मग मी काय करू? मी काय डॉक्टर हाय?"

त्या मंगळवारी मायाप्पानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि सोडेना. मानसिंगरावानं रूळ उचलून त्याच्या बोटांवर मारला. एकदा, दोनदा. मग म्हणाला, "ह्यो अंगठा काय कामाचा न्हाय, मायाप्पा. जा, नवा अंगठा घेऊन ये!"

सगळी कचेरी हसली. मी पण हसलो. ते हसू आजही घशात अडकलंय माझ्या.

मायाप्पा हसला नाही. हाताकडे बघत राहिला. मग अगदी सरळ विचारलं, "नवा आनला, तर कागद हुतोय न्हवं?"

"हुतो की!"

त्याच संध्याकाळी बाळू तुरुंगात मेला.

सकाळी खाणीवरच्या लोकांना मायाप्पा मेलेला सापडला. डावा हात दगडावर पसरलेला, शेजारी घण. अंगठ्याच्या जागी नुसता लगदा. एका घावाचं काम नव्हतं ते. सगळं रक्त दगडाच्या खाचेत साठून काळं झालं होतं. मानसिंगरावाला कळलं तेव्हा त्यानं पानाला चुना लावत म्हटलं, "चला, एक कागद निकाली निघाला." तो कागद मात्र फाडायचा राहिला. त्याच्या टेबलावरच्या ढिगात तसाच पडून राहिला.

मग आली एकतीस तारीख. गुरुवार. वर्षअखेर, म्हणून रात्री दिवे लावून काम चाललेलं. बाकीचे गेले, आम्ही दोघंच उरलो. पट्टेवाला फाटक लावून जेवायला गेला होता. पावणेअकरा वाजले असतील. मानसिंगराव म्हणाला, "गुरुलिंग, आतनं मोहोळचं दप्तर आन जरा." मी टाक कानावर खोचला, चिमणी घेतली आणि दप्तरखान्यात गेलो. टाक कोरडा होता. संध्याकाळपासून मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, नुसतं वाचून दाखवत होतो. हे ध्यानात ठेवा.

दप्तर काढत होतो, तेवढ्यात बाहेर मानसिंगराव बोलला.

"कोन हाय?"

फाटक तर बंद होतं.

"कचेरी बंद झाली. उद्या ये."

मी कान दिला. काही नाही… मग फरशीवर खरखर झाली. दगडाची कच पायाखाली चुरडावी तशी.

"उद्या ये म्हनलं न्हवं?"

आवाज बदलला होता त्याचा.

मी दाराशी आलो. मी न लावताच ते लागलेलं. ढकललं. सरकेना. कडी तर माझ्या बाजूला, आणि ती उघडी.

"मानसिंगराव!"

…

"न्हाय…" तो म्हणाला. अगदी हळू. "न्हाय… ह्यो माझा हाय… माझा हाय…"

ठक.

घणाचा आवाज होता तो. कुणीही ओळखला असता.

मग तो ओरडला. तसं ओरडणं मी कत्तलखान्याच्या बोळातही ऐकलेलं नाही.

ठक.

मी दारावर धडका देत होतो. खांदा निखळला माझा.

ठक.

…

दार आपसूक उघडलं.

मानसिंगराव खुर्चीतच होता. डावा हात टेबलावर पालथा. अंगठा मुळापासून नाही. चार बोटं जागेवर, त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. सागवानी टेबलाला मुठीएवढा खड्डा पडला होता आणि त्यात रक्त साचलं होतं. भिंतीवर, दौतीवर, माझ्या खुर्चीवर रक्त. आणि सगळीकडे पांढरी दगडाची धूळ. तो पहाटेपर्यंत जिवंत होता, पण एक शब्द बोलला नाही. अंगठा आम्ही सगळी कचेरी हुडकली तरी सापडला नाही.

कागद मात्र सापडला. बाळूच्या जामिनाचा. ढिगातून काढून बरोबर मधोमध ठेवलेला, त्यावर शिंतोडासुद्धा नाही. खाली ठसा. लाल. एकेक रेघ मोजून घ्यावी इतका स्वच्छ. साहेबानं एका नजरेत पास केला असता.

नंदू, मानसिंगरावाचा अंगठा मी अकरा वर्षं पाहिलेला. मधोमध सुरीचा जुना आडवा वण होता त्याला. ठशात तो वण होता.

पण माझी झोप त्यानं नाही उडवली. ठशाच्या शेजारी एक ओळ होती. 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मायाप्पाचा. दस्तुर गुरुलिंग.' अक्षर माझं. वेलांटी माझी. मी लिहिली नव्हती रे ती, आईशपथ नव्हती लिहिली… आणि ओळ अजून ओली होती.

मी कानावरचा टाक काढला.

टोकाला लाल थेंब होता.