आजोबांच्या नाकातली गर्दी

लशीनंतरच्या नाकाच्या तपासणीत शलाकाचे आकडे अकरापट वाढले आणि आजोबांचे जागचे हलले नाहीत, तेव्हा हवालदाराने निकाल देऊन टाकला, "आजोबांना लस लागू पडली नाही. यान आल्यावर त्यांनी महिनाभर काचेच्या खोलीत राहायचं."

हवालदार म्हणजे चंद्रावरच्या त्या तळाचा रोबो. नियमाला पक्का, डोक्याने बेताचा. तळावर माणसं दोनच, नऊ वर्षांची शलाका आणि विषाणूंच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले तिचे आजोबा. आई-बाबा दूरच्या खाणीवर असत, ते पडद्यावरच भेटत. शुक्रवारी पृथ्वीवरून सात कुटुंबं राहायला येणार होती, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दोघांनी फ्लूच्या लशीचा फवारा नाकात मारून घेतला होता. आता आजोबाही काचेपलीकडे गेले, तर जवळ बसायला कुणीच उरणार नव्हतं. शलाकाला रडू आवरेना.

"रडतेस काय, आधी सांग, या लशीत काय असतं?" आजोबांनी विचारलं.

"दुबळा केलेला जिवंत विषाणू."

"तो नाकात थोडा वाढला, तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. माझ्या नाकात त्याला वाढूच दिलं नाही."

"कुणी?"

"प्रतिपिंडांनी (विषाणूला पकडून निकामी करणाऱ्या शरीरातल्या कणांनी). मोठ्या माणसांत ही लस पुष्कळदा अशीच थंड पडते. आता तक्ता बघ."

शलाकाने डोळे पुसून तक्ता वाचला. हवालदाराने फक्त वाढ पाहिली होती, मुळात किती होते ते पाहिलंच नव्हतं. याच विषाणूला धरणारे प्रतिपिंड आजोबांच्या नाकात लशीआधीच होते, आणि तिच्या आत्ताच्या आकड्याहूनही जास्त. तिने बोट ठेवून दाखवलं. हवालदाराने दोन्ही आकडे ताडून पाहिले, मग तो म्हणाला, "खोली रद्द."

"पण आजोबा, ते आले कुठून?"

"माणसांकडून. शाळेत आम्ही एका बाकावर चौघं. एकच पेरू सदऱ्यात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचो. एकाला फ्लू झाला की चौघंही अंथरुणात. पुढे जन्मभर तेच चाललं."

शलाकाने स्वतःचा लशीआधीचा आकडा पाहिला. जवळजवळ शून्य. तिला कधी साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती, कारण ती द्यायला कुणी नव्हतंच. ते शून्य तिच्या मनाला फार लागलं.

"त्या सात घरांत मुलं आहेत?"

"पाच आहेत."

"मग मलाही सर्दी होईल?"

"फ्लूला तुझी लस बहुधा अडवेल. सर्दी मात्र होईल की."

"किती दिवसांत?" शलाकाने विचारलं, आणि ती शुक्रवारच्या पुढचे दिवस बोटांवर मोजायला लागली.