जाड काड्यांची जाळी

कडाड्!

यंत्रात दाबलेला टायटॅनियमचा तुकडा मोडला आणि माझ्या मागे कुणीतरी दचकून म्हणालं, "मॅडम... तो माझाच पाय व्हता काय?"

मी वळले. दारात कुबड्यांवर उभा एक उंचापुरा तरुण. डाव्या नडगीभोवती सळ्यांचा पिंजरा, आणि डोळे इतके मिश्कील की मला रागच आला. स्कॅनसाठी वरच्या मजल्यावर जायचं सोडून स्वारी रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या आमच्या चाचणीच्या खोलीत घुसली होती.

"तुमचा पाय अजून बनायचाय," मी म्हणाले. "आणि बाहेर बोर्ड लावलाय. वाचता येतो ना?"

"येतो. पन तुमी आत हाय, असं त्याच्यावर लिवलं नव्हतं."

हा दीपेश, विचुंबे गावचा. तळोज्याच्या एका कारखान्यात पिंप नडगीवर कोसळलं, जखम चिघळली, आतलं हाड सडलं. डॉक्टरांनी चार बोटं हाड काढून टाकलं. तिथे धातूची भुकटी थरावर थर वितळवून छापलेली जाळी बसवायची होती. आंबोळीला पडते तशी भोकाभोकांची, म्हणजे त्यातून नवं हाड वाढेल. ती त्याचा भार पेलेल का, हे छापण्याआधी संगणकावर तपासायचं काम माझं. मोडली, तर गुडघ्याखालून पाय कापावा लागणार होता.

त्यासाठी त्याच्या हालचालींची चौकशी करणं आलंच.

"उकिडवे बसता?"

"बसायचो."

"जड काही उचलता?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं वजन किती?"

"दीपेश!"

"हिशोबाला लागंल ना... हळदीत उचलून नाचायचं म्हनलं तर."

मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यानंतर तो दर खेपेला काहीतरी निमित्त काढून खाली यायचा. कधी मात्र नुसताच बसून राही. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा पाय कापला त्या दिवशी मी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच गार झाला.

पुढच्या आठवड्यात वसुंधरा मॅडम, माझ्या वरिष्ठ, माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"आभा, जाळीच्या काड्या परत जाड केल्यास?"

"आता मोडणार नाही, मॅडम. कुठेच लाल दिसत नाहीये."

"जाळी नको बघूस. शेजारचं हाड बघ."

पडद्यावर जास्त ताण लाल दिसतो, ताणच नसेल तर निळा; हाड निळंशार होतं. सगळा भार जाळीच खात होती. ज्या हाडावर भार येत नाही ते झिजत जातं, ठिसूळ होतं. हे मी नवशिक्यांना शिकवते!

"हे तुला कळत नाही असं नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "का केलंस, तेही मला दिसतंय."

माझे कान तापले. मी त्याच्या प्रेमात पडले होते... आणि त्या प्रेमापायी त्याचंच हाड मारायला निघाले होते.

काड्या पुन्हा बारीक केल्या. पण छापताना काडी कधीच हुबेहूब चित्रासारखी उतरत नाही, एखादी कच्ची राहतेच. म्हणून डॉक्टरांना सांगून मी स्वतः त्याच्याकडे गेले.

"बारीक जाळी मोडू शकते," मी म्हणाले. "जाड मोडणार नाही, पण तुमचं हाड खाईल."

त्याने मान वर केली. "मंग जाड कशाला केली व्हती?"

"तुम्ही पडाल म्हणून... तू पडशील म्हणून. माझा जीव जडलाय तुझ्यावर. डोकंच चालेनासं झालं माझं."

त्याने पिंजऱ्याच्या एका सळईवरून बोट फिरवलं.

"बारीकच घाल," तो म्हणाला. "पन मोडली ना, तर येऊ नको. तू रडशील, ते मला नाय सोसनार."

"येईन. रडायचं तर रडेन. तू कोण सांगणारा?"

त्याने माझं बोट घट्ट धरलं. त्याचा हात थंडगार होता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला आत नेलं आणि त्याच्या आईने, जनीकाकींनी, माझं मनगट पकडलं.

"बाय, तूच केलंस ना ते? टिकंल ना गो?"

सकाळपासून नर्स, नातेवाईक, सगळे त्यांना 'हो' म्हणत होते. मलाही म्हणता आलं असतं.

"माहीत नाही, काकी," मी म्हणाले. "मला येतं तेवढं सगळं केलं. पुढचं खरंच माहीत नाही."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग पदर आवरून बाकावर जरा सरकल्या.

"बस," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.